पिवळं हेल्मेट आणि जवसाचं तेल

तेलरंग शिकायचा तर पहिला धडा कोणता, यावर चिंचवडच्या एका छोट्या चित्रवर्गात बरेच गुरुवार वाद चालू आहे. वर्ग चालवणारे सर पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्यासमोर बसते ती चाकणच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये प्रोसेस इंजिनियर आहे. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून वर्गही गुरुवारी. वर्गातली मुलं तिला ताई म्हणतात, तेव्हा इथेही ताईच.

मी या वादाचा श्रोता. तो लिहून काढावासा वाटला याला कारण आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरपासून भोसरी, तळवडे, चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात रंगाची नस ओळखणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. कुणी स्प्रे गन चालवतं, कुणी शेड मॅच करून देतं, कुणी ट्रकच्या फाळक्यावर मोर काढतं, कुणाचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज असतं. यातल्या बहुतेकांना कॅनव्हास ही आपली वस्तू वाटत नाही. ती त्यांची आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ताईचे प्रश्न ऐकताना ते पक्कं होत गेलं.

सर : हे तुझ्याच कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. ब्रश उचल आणि सुरू कर.

ताई : लगेच? सर, आमच्याकडे बॉडी रंगाला आली की आधी तिच्यावरचं तेल, वंगण धुऊन काढतात. मग फॉस्फेटिंग. मग सीईडीच्या टाकीत बुडवून विजेच्या दाबाने वीसेक मायक्रॉनचा थर चढवायचा आणि भट्टीत भाजायचा. त्यावर प्रायमर. गिऱ्हाइकाला दिसणारा रंग येतो तो त्यानंतर. खालचं चुकलं तर वरचा रंग कितीही भारी असो, टिकत नाही. आणि तुम्ही मला थेट रंगच लावायला सांगता?

सर : बाजारातला कॅनव्हास बोर्ड आहे तो. प्रायमर लावूनच येतो.

ताई : कसला आणि किती? मी कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहिला. बघता बघता शोषला गेला. उद्या तुमचं तेलही असंच शोषेल.

सर : शोषेल, खरं आहे. मग रंगातलं तेल खाली जातं, वर नुसती भुकटी राहते, आणि तो भाग खडूसारखा मंद दिसतो. घरी जाऊन जेसोचे, म्हणजे तयार अस्तराचे, दोन हात मार, एक आडवा, एक उभा. वाळला की बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरव. पण ते घरी. इथे आलीस की फक्त बघायचं.

ताई : आणि कोऱ्या कापडावर थेट रंगवलं तर?

सर : कापड हळूहळू कुजतं. तेल वाळताना त्यात आम्ल तयार होतं, ते धाग्याला खातं. म्हणून जुने चित्रकार आधी सरस शिजवून कापडावर फिरवायचे आणि त्यावर अस्तर द्यायचे. आता डब्यातला जेसो दोन्ही कामं करतो.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे ताईच्या बाजूने आहे. नवशिक्याची पहिली दोन-तीन चित्रं मंद, मळकट होतात तेव्हा तो स्वतःच्या हाताला दोष देतो. कित्येकदा दोष बोर्डाचा असतो. अस्तराला एक संध्याकाळ दिली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो, आणि ट्रकच्या दारावर लांबी भरून पेपर मारणाऱ्या पोराला हे कुणी शिकवायची गरज नाही. त्याच्या हाताला ते ठाऊक आहे.

सर मात्र सहज मानत नाहीत. त्यांनी पाहिलेला धोका वेगळा आहे: माणसं तयारीतच रमतात. स्ट्रेचर आणतात, मोठाले ब्रश आणतात, इझल आणतात, आणि समोरच्या वस्तूकडे दहा मिनिटं टक लावून बघत नाहीत.

दुसरा वाद वाळण्यावरून झाला. तो जास्त खोल गेला.

ताई : सर, टर्पेंटाईन उडून गेलं की रंग वाळला, असंच ना?

सर : असं सगळेच समजतात. जलरंगात पाणी उडतं आणि रंग वाळतो. तेलाचं तसं नाही. टर्पेंटाईन उडतं ते खरं, पण तेल कुठेच जात नाही.

ताई : थांबा, मग हे माझं क्षेत्र आहे. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं. जवसाच्या तेलातल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि द्रवाचा पक्का पापुद्रा होतो. म्हणजे वाळताना त्याचं वजन घटायच्याऐवजी वाढत असणार.

सर : वाढतंच. आणि हे कुठल्याही तेलाला जमत नाही. शेंगदाण्याचं तेल घालून रंगवलंस तर ते जन्मभर चिकट राहील. खोबरेल तसंच. जवस वाळतं, अक्रोड वाळतं, खसखस वाळते. आपल्याकडे विदर्भात जवस पिकतं, घराघरांत त्याची चटणी होते, आणि त्याच बियांच्या तेलावर चारशे-पाचशे वर्षांची युरोपातली चित्रं उभी आहेत.

ताई : हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल मिळतं, तेही जवसाचंच. ते चालेल?

सर : चालणार नाही. ते उकळून, सुकवणारी द्रव्यं घालून केलेलं असतं. दारं-खिडक्यांना ठीक. चित्रात काळवंडतं. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं जवसाचं तेल वेगळं मिळतं. आणि लोखंडी गेटला लावतात तो डब्यातला ऑइल पेंटही आणू नकोस.

ताई : तो मला माहीत आहे. अल्किड एनॅमल. गेटवर गुळगुळीत पसरावा म्हणून बनवलेला. ब्रशची खूण ठेवतच नाही.

सर : आणि आपल्याला ब्रशची खूणच हवी असते.

यानंतर ताईने विचारलेला प्रश्न तेलरंगाच्या पुस्तकांत नियम म्हणून येतो आणि कारण न सांगता निघून जातो. नियम असा, की खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. सरांनी तो तसाच सांगितला. ताईने कारण स्वतः शोधलं.

ताई : समजा, खाली भरपूर तेल घातलेला थर आहे आणि वर टर्पेंटाईनने पातळ केलेला. वरचा लवकर घट्ट होणार. खालचा अजून ऑक्सिजन घेतोय, आधी फुगतोय, मग आकसतोय. वरच्या कडक पापुद्र्याखाली जमीन सरकते आहे. तो तडकणारच. आमच्याकडे याचा भाऊबंद आहे, सॉल्व्हंट पॉप. भट्टीत वरचा थर घाईने बंद झाला की खाली अडकलेला थिनर फोड फोडून बाहेर येतो. वरच्याने खालच्याच्या आधी मिटायचं नाही, एवढीच दोन्हीकडची अट.

सर : हे तू माझ्या मुलांना सांग. मी इतकी वर्षं नुसता नियम पाठ करून घेतला.

ताई : मग कृती सांगा. प्रमाणात सांगा.

सर : प्रमाण काट्यावर मोजायचं नाही, पण क्रम पाळायचा. पहिला हात फक्त टर्पेंटाईन घालून, जलरंगासारखा पातळ. दुसऱ्यात रंग ट्यूबमधून येतो तसाच. तिसऱ्यात थेंबभर तेल. तेल जास्त झालं तर पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात आणि पुढे चित्र पिवळं पडतं. शंका आली तर तेल घालूच नये. ट्यूबमध्ये पुरेसं असतं.

ताई : आणि दोन थरांत अंतर? आमच्याकडे एकशे चाळीस अंशांवर अर्ध्या तासात क्लिअर कोट पक्का होतो.

सर : इथे रंगागणिक वेगळं. अंबर दोन दिवसांत वाळतो.

ताई : त्यात मँगनीज असतं. ते वाळणं वेगात नेतं.

सर : असेल. कॅडमियम, आयव्हरी ब्लॅक, ॲलिझरिन क्रिमसन हे रेंगाळतात. आठवडा, कधी त्याहून जास्त. पावसाळ्यात आणखी उशीर. म्हणून खालच्या थरात अंबर आणि मातीचे रंग, आणि रेंगाळणारे वर. काळ्याचा जाड थर खाली कधी देऊ नये.

वाळण्याचा हा संथपणा लोकांना तेलरंगाची अडचण वाटते. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. जलरंगात कागदावर पडलेला डाग काही सेकंदांत ठरून जातो. ॲक्रिलिकही मिनिटांत पक्कं होतं. तेलरंगात सकाळी लावलेली गालावरची सावली संध्याकाळी हलवता येते, कडा बोटाने विरघळवता येते, पटलं नाही तर सुरीने खरवडून कापडाने पुसून टाकता येते. दिवसभर शिफ्ट करून रात्री नऊला चित्राशी बसणाऱ्या माणसाला याहून सोयीचं माध्यम नाही. मांडलेली पॅलेट दुसऱ्या दिवशीही बरीचशी ओली असते.

तिसरा वाद पिवळ्या रंगाचा. तिथे दोघांचे आवाज चढले.

ताईने हेल्मेट रंगवलं. बाहेरची रेषा पातळ अंबरने नेमकी घेतली होती. मग पिवळ्या ट्यूबमधून रंग काढून सगळीकडे एकसारखा भरला आणि सावलीच्या बाजूला त्यातच काळा मिसळला. सावली हिरवी झाली.

सर : हिरवं हेल्मेट घालतात का तुमच्याकडे?

ताई : मी गडद केलं. पिवळ्यात काळा.

सर : पिवळ्यात काळा घातला की तो हिरव्याकडे झुकतो. हा धडा प्रत्येकाला गिरवावा लागतो. आता डोळे बारीक कर. अर्धे मिट. काय दिसतं?

ताई : हेल्मेट पिवळं आहे, सर. एकच शेड आहे त्याची. मी त्या शेडचा कोड सांगू शकते.

सर : कोड विसर. डोळे बारीक करून सांग.

ताई : खिडकीकडे जवळजवळ पांढरं. थोडं निळसर पांढरं. मग लिंबासारखं. मध्ये खरं पिवळं. मग... गेरूसारखं. खाली, टेबलाजवळ, तपकिरी. आणि अगदी खालच्या काठाला परत थोडं उजळ.

सर : तो टेबलावरच्या कागदाचा उजेड परत फिरून आलाय. आता मोज, किती पिवळे झाले? आणि त्यातला ट्यूबमध्ये मिळणारा एकच.

ताई : मग माझ्या नोकरीत मी जे करते त्याचं काय? दरवाजा आणि बंपर यांच्या रंगातला फरक, म्हणजे डेल्टा ई, एकाच्या वर गेला तर आम्ही माल परत पाठवतो. बंपर प्लॅस्टिकचा, दुसऱ्याच ठिकाणी रंगून येतो, तरी तो जुळला पाहिजे.

सर : ते तुमचं बरोबर आहे. तुम्ही दोन वस्तू सारख्या आहेत का ते बघता. मी एकच वस्तू दोन जागी वेगळी कशी दिसते ते बघतो.

ताई : तेही आम्ही बघतो, सर! मेटॅलिक रंग एका कोनातून मोजत नाहीत. पंधरा, पंचेचाळीस, एकशे दहा अंश, असे वेगवेगळे कोन घेतो. समोरून चंदेरी दिसणारी गाडी बाजूने काळपट दिसते, हे आमचा नवा ऑपरेटरसुद्धा जाणतो. फक्त ते ब्रशने कसं सांगायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सर क्षणभर गप्प बसले, मग तिच्या हातातून ब्रश घेतला. सरांचं रंग जुळवणं सांगण्यासारखं आहे. सावलीसाठी त्यांनी यलो ऑकर घेतला, त्यात बर्न्ट सिएना, आणि अगदी शेवटी अल्ट्रामरीन आणि ॲलिझरिनचा जांभळट ठिपका. रंगचक्रात पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळा. तो थोडा मिसळला की पिवळा हिरवा न होता खोल जातो. सावली त्यांनी पातळ ठेवली, खालचा तपकिरी हात तिच्यातून दिसू दिला. उजेडाचा भाग जाड भरला. खिडकीची चमक शेवटी, ब्रशच्या टोकावर दाट पांढरा घेऊन, एकाच स्पर्शात ठेवली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. हेल्मेट टेबलावर बसलं.

सावल्या पातळ, उजेड जाड. मोठे आकार आधी, बारकावे नंतर. हे नियम पुस्तकात वाचून समजत नाहीत. कुणाला तरी रंगवताना पाहावं लागतं. राजा रविवर्म्याचीही गोष्ट अशीच सांगतात. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने त्याला शिकवलं नाही. काम करताना बघू दिलं. तेवढ्या बघण्यावर तो तेलरंगात उतरला.

रविवर्म्याचं नाव निघालं आणि ताईने चौथा वाद काढला. चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली की वाटेत मळवली लागतं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी याच मळवलीला आला. पुढे तो जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या देवघरांत पोचल्या.

ताई : मला तर तो छापखाना आमच्या लाइनसारखाच वाटतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप, दगड केसभर सरकला तर वाया. वरून वॉर्निश मारून तेलचित्राचा भास. एका चित्राची हजारो चित्रं. लोकांनी तेलचित्र पाहिलं ते यामुळे.

सर : लोकांनी रविवर्मा पाहिला, तेलचित्र नाही पाहिलं. ओलिओग्राफमध्ये रंगाला जाडी नसते. पैठणीच्या जरीवर त्याने ठेवलेला दाट ठिपका छापात सपाट होतो. मूळ बघायचं तर औंधला जा. पुण्याचं औंध नव्हे, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथे संग्रहालय उभारलं आणि रविवर्म्याची मूळ चित्रं ठेवली. चित्राच्या अगदी कडेला उभं राहून तिरप्या उजेडात बघ. कुठे जाड, कुठे पातळ, सगळं कळतं.

ताई : जाडी आमच्याकडे मोजतात. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, आणि ते बॉनेटपासून डिकीपर्यंत सारखे हवेत. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला की तो दोष.

सर : इथे ती सालच बोलते.

ताई : म्हणजे चित्रात काहीही चालतं?

सर : असं कुठे म्हटलं? सालही ठरवून आणायची. जिथे उजेड आहे तिथे, दुसरीकडे नाही. आणि चमक म्हणजे तेलरंग हेही खरं नाही. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं तेलचित्र समजतात. ते जलरंगात आहे.

या ठिकाणी मला वासुदेव गायतोंडे आठवतात, आणि दोघांनाही मी ते नाव सांगितलं. नागपूरला १९२४ साली जन्मलेला, जे. जे.मध्ये शिकलेला हा चित्रकार तेलरंगासाठी ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरायचा. थर चढवायचा, अर्धा वाळला की उचलायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. भिंत रंगवणाऱ्याच्या हातातलं अवजार त्याने घेतलं आणि एकसारखा पृष्ठभाग करायचं नाकारलं. थरांची जितकी जाण कारखान्यात लागते तितकीच त्याच्या कामात आहे. फरक एवढा की प्रत्येक थर पाहून मग तो पुढचा ठरवायचा. ताई त्या दिवशी फोनवर त्याची चित्रं बराच वेळ मोठी करून बघत होती. छोट्या पडद्यावर त्यातलं निम्मंही कळत नाही, पण तिला रोलरच्या कडा कुठे थांबल्या ते दिसलं. ते बोट ठेवून दाखवणारी ती वर्गातली पहिली.

सांडलवंडीच्या बाबतीत दोघांत वाद नव्हता, फक्त ताई जास्त कडक होती. सरांच्या वर्गात रंगाच्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होत. तिने पहिल्याच दिवशी त्या हलवल्या.

ताई : सर, या पेटतील.

सर : काडीशिवाय?

ताई : काडीशिवाय. जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं. बोर्डावर पसरलेलं असतं तेव्हा ती निघून जाते. चिंध्यांचा बोळा केला की आतली उष्णता आतच साठते आणि काही तासांत धूर येतो. एक तर चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून बुडवा.

आता वर्गात तो डबा आहे. टर्पेंटाईनचीही पद्धत ठरली. ब्रश आधी कागदाने पुसायचा, मग बरणीत खळबळवायचा, मग अंगाच्या साबणाने तळव्यावर घासून धुवायचा. बरणीतलं मळकं टर्पेंटाईन रात्रभर ठेवलं की गाळ तळाला बसतो. वरचं स्वच्छ दुसऱ्या बाटलीत ओतून पुन्हा वापरायचं. मोरीत एक थेंब ओतायचा नाही. मोरी गटाराला मिळते, गटार पवना नदीला, आणि पवनेच्या पोटात या शहराने आधीच पुष्कळ घातलं आहे. खिडकी उघडी ठेवायची, आणि रंगाचा हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. कॅडमियमसारखे रंग पोटात जायचे नसतात.

शेवटचा वाद वॉर्निशचा. हेल्मेटचं चित्र पुरं झालं. ताईला त्यावर क्लिअर कोट हवा होता.

ताई : टू-के क्लिअर आणते. हार्डनर मिसळून एक हात. ऊन, पाऊस, पेट्रोल, काहीही होऊ दे. दहा वर्षं बघायला नको.

सर : आणि अकराव्या वर्षी?

ताई : अकराव्या वर्षी काय?

सर : त्यावर धूळ, धूर बसेल, कदाचित ते पिवळं पडेल. मग ते काढणार कसं?

ताई : ते निघत नाही. न निघण्यासाठीच असतं.

सर : म्हणूनच नको. चित्राचं वॉर्निश काढता आलं पाहिजे. डमारची राळ टर्पेंटाईनमध्ये विरघळवून लावतात. पन्नास वर्षांनी कुणीतरी जाणकार ते हलक्या हाताने पुसून काढेल, खालचा रंग जसाच्या तसा, आणि नवं लावेल. अजिंठ्याला काय झालं ठाऊक आहे? १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी रंगाचे पापुद्रे घट्ट बसवले, ते काम चांगलं केलं, पण वरून शेलॅकचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं, काळपट झालं, आणि पुरातत्त्व खात्याला ते काढण्यासाठी कितीतरी वर्षं कष्ट घ्यावे लागले.

ताई : म्हणजे माझं काम न निघणारं करायचं आणि तुमचं निघणारं.

सर : गाडी पंधरा वर्षांनी भंगारात जाते, ताई. चित्राला कुणी दुरुस्त करणारा पुढे येणार आहे, हे धरूनच काम करायचं.

पहिल्यांदाच सर तिला ताई म्हणाले होते. तिने वॉर्निशचा हट्ट सोडला नाही, ते कधी लावायचं एवढं विचारलं. सर म्हणाले, सहा महिने तरी थांब, जाड भाग असतील तर वर्ष. चित्र वरून वाळलेलं वाटतं तेव्हाही आत काम चालू असतं, ते अडवायचं नाही. आणि या सहा महिन्यांत ते कपाटात कोंडायचं नाही, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळसर होतं. उजेडात ठेवायचं, थेट उन्हात नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवायचं नाही, पाठीमागे बुरशी धरते.

ताईने बोर्ड उलटा केला आणि मागे पेन्सिलने लिहिलं: जेसो दोन हात. पहिला थर अंबर, टर्पेंटाईन. दुसरा थर सरळ ट्यूबमधून. तिसऱ्यात जवसाचं तेल, थेंबभर. तारीख. वॉर्निश दिलेलं नाही. सर म्हणाले, पुढे हे दुरुस्त करणाऱ्याला याहून उपयोगी काही नाही, आणि वर्गातल्या सगळ्या मुलांनी आपापल्या बोर्डामागे असंच लिहावं. मला विचाराल तर सरांच्या वर्गाला ताईकडून मिळालेली ही सर्वांत मोलाची सवय आहे.

पुढच्या गुरुवारपासून ट्रकवर चित्रं काढणारे दोघे भाऊ वर्गात येणार आहेत. त्यांच्यासाठी काय आणायचं याची यादी दोघांनी मिळून केली, आणि तीही भांडतच. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, कारण पांढरा बाकी सगळ्यांच्या तिप्पट संपतो. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन. एक चांगला पिवळा, एक लाल. झिंक व्हाइट सरांनी लिहिला होता, तो ताईने खोडला. त्याचा पापुद्रा ठिसूळ होतो आणि तडकतो. काळा सरांनी खोडला. अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळले की त्याहून जिवंत काळा मिळतो. हॉग हेअरचे तीन सपाट ब्रश, त्यातला एक तरी बोटभर रुंद, नाहीतर पोरं पहिल्या दिवसापासून पापण्या रंगवायला बसतात. एक पॅलेट नाइफ. टर्पेंटाईनची लहान बाटली, जवसाचं तेल त्याहून लहान. जुने सुती कपडे फाडून केलेल्या चिंध्या. आणि प्रत्येकी दोन बोर्ड, घरून अस्तर लावून, पेपर मारून आणायचे. थेंब टाकून पाहिल्याशिवाय ताई रंगाला हात लावू देणार नाही.